तरुणांच्या बेरोजगारीचा आकडा आला की आधी काय बघायचं

सहा वर्षं मी रोजगाराच्या पाहणीसाठी घरोघर फिरून प्रश्नावल्या भरल्या. आता बसून तक्ते तपासते. त्यामुळे 'तरुणांची बेरोजगारी घटली' असं कुणी उत्साहाने सांगायला लागलं की माझा हात आपसूक कागद-पेन्सिलीकडे जातो. तुम्हीही तेच करा. पाचवीच्या गणिताच्या पलीकडे काही लागत नाही.

कागदावर शंभर तरुण मांडा. ३० जण काम करतात, १० जण काम शोधतायत, ५० जण नुसते शिकतायत. उरलेले १० ना शिकत, ना कमावत, ना शोधत. बेरोजगारीचा दर किती? बहुतेक जण १० टक्के म्हणतात आणि तिथेच चुकतात. हा दर शंभरांवर काढत नाहीत. काम करणारे आणि शोधणारे मिळून जे श्रमबळ होतं, त्यावर काढतात. म्हणजे ४० पैकी १०, २५ टक्के. लगेच मथळा तयार: 'दर चौथा तरुण बेरोजगार'. खरं तर शंभरातले दहाच. २०१३ मध्ये ग्रीस आणि स्पेनमध्ये तरुणांचा हा दर ५० टक्क्यांच्या वर होता. 'निम्मे तरुण बेकार' हा त्याचा अर्थ नव्हे, कारण नुसते शिकणारे त्या हिशेबात धरलेलेच नव्हते.

आता त्या दहा शोधणाऱ्यांपैकी दोघांनी कंटाळून शोधणं सोडलं असं धरा. नवं काम कुणालाच मिळालेलं नाही. तरी ३८ पैकी ८, म्हणजे दर २१ टक्क्यांवर उतरला! म्हणून बेरोजगारीचा दर एकटा वाचायचा नाही. शेजारी दोन आकडे मांडायचे: शंभरांतले किती कामावर आहेत आणि किती श्रमबळाच्या बाहेर आहेत, म्हणजे 'आर्थिकदृष्ट्या निष्क्रिय'. २०२० हे याचं ठळक उदाहरण. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी जगभरात ११.४ कोटी रोजगार गेले, पण त्यातले ८.१ कोटी लोक निष्क्रियांत जमा झाले आणि ३.३ कोटीच बेरोजगारांत. नुसता बेरोजगारीचा दर बघणाऱ्याला निम्म्याहून जास्त पडझड दिसलीच नसती.

कोण कुठल्या खान्यात जातो, हे मात्र दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एका घरी बावीस वर्षांची मुलगी म्हणाली, "मी काही करत नाही ताई, घरीच असते." तेवढ्यावर खूण केली असती तर ती निष्क्रिय. पण प्रश्न क्रमाने विचारायचे असतात. गेल्या सात दिवसांत पैशासाठी तासभर तरी काम केलं? "नाही." घरच्या धंद्यात मदत? "आई शिवणकाम घेते, तिला काजं-बटणं करून देते. ते काय काम झालं?" किती वेळ? "रोज दोनेक तास." झाली ती रोजगारात! हातात पैसा शून्य, पण नियम आठवड्याला एका तासाचा आहे आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही मोजलं जातं.

तिचा भाऊ आतल्या खोलीत अर्जांची फाइल घेऊन बसलेला. बेरोजगार ठरायला तीन अटी असतात: काम नसणं, गेल्या चार आठवड्यांत ते शोधलेलं असणं आणि मिळालं तर लगेच रुजू होता येणं. त्याने शेवटचा अर्ज दीड महिन्यापूर्वी केला होता. म्हणजे तो निष्क्रिय. घरच्यांच्या लेखी बेकार तोच होता आणि मुलगी 'घरीच'. माझ्या कागदावर त्या घरात बेरोजगार कुणीच नव्हतं.

'निष्क्रिय' हा शब्द मला मुळीच आवडत नाही. दिवसभर आजारी आजीचं करणारीही त्यातच, वर्गात बसलेलाही त्यातच. म्हणून हा गठ्ठा फोडूनच वाचा. शिक्षण, प्रशिक्षण, रोजगार यांपैकी कशातच नसलेल्यांचा वेगळा आकडा मिळतो, त्याला 'नीट' म्हणतात. नाव नीट, पण आत शोधणारे, आजारी, घर सांभाळणारे, हताश झालेले असे सगळे एकत्र! आपल्या शंभरांत ते २० होतात. जगात २०२३ मध्ये तरुणांचा बेरोजगारी दर १३ टक्के होता, पंधरा वर्षांतला सर्वांत कमी. त्याच वर्षी 'नीट' मात्र २०.४ टक्के, आणि त्यातल्या दर तिघांत दोघी मुली-बाया. पहिला आकडा सांगून दुसरा गाळणाऱ्याला मी अडवतेच.

मग वयोगट बघा. कुठे १५ ते २४, कुठे १६ ते २४, कुठे २९ पर्यंत. वयोगट वेगळे असतील तर तुलना नको. व्याख्या बदलली का, तेही बघा. चीनमध्ये जून २०२३ ला १६ ते २४ वयोगटाचा दर २१.३ टक्के होता. ऑगस्टमध्ये आकडे देणं थांबलं. डिसेंबरचा आकडा जानेवारीत आला तो १४.९ टक्के, पण विद्यार्थी वगळून. हे दोन आकडे एका रेघेने जोडून 'घट' दाखवणारे आलेख मी परत पाठवते.

महिन्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण परीक्षा संपल्या की शोधणाऱ्यांची झुंबड उडते. आणि पाहणी नमुन्यावर चालते. त्यातले तरुण आणखी थोडे. ०.३ चा चढउतार म्हणजे बहुधा काहीच नाही. तीन महिन्यांची सरासरी घ्या.

माझ्या वहीत दर आकड्यापुढे चार रकाने असतात: वयोगट, महिना, विद्यार्थी धरले की नाही, चुकीची मर्यादा (म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो). शेवटचा रकाना रिकामा राहिला की मी फोन करते. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, तळटीप बघितली का?" बहुतेक वेळा ती तिथेच असते, बारीक अक्षरात.