जुना फोल्डिंग कॅमेरा घेताय? आधी भाता तपासा

आग्फाचा १९५४ चा सुपर आयसोलेट बाहेरून कितीही चकचकीत असो, भात्याला (लेन्स आणि कॅमेऱ्याची पेटी जोडणाऱ्या, बाहेरचा प्रकाश अडवणाऱ्या घडीच्या आवरणाला) भोकं असली की संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते.

१. खोलीत पूर्ण अंधार करा, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, भाता पूर्ण ताणा.
२. मोबाइलचा टॉर्च आत धरून बाहेरून घड्यांचे कोपरे निरखा. चांदणीसारखा ठिपका चमकला, की तिथे भोक. आग्फाच्या भात्यांत ती फार आढळतात. झाइस इकॉनच्या सुपर आयकॉन्टाचे भाते सहसा टिकलेले असतात.
३. फोकस अनंतावर ठेवून रेंजफाइंडरमधून (फोकस जुळवायची खिडकी, तिच्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात) लांबचा मनोरा पाहा. दोन्ही प्रतिमा जुळल्या पाहिजेत.

फोकसची कडी अडकली असेल तर जोर लावू नका. आतलं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं.