होर्डिंगची फाइल छापायला देण्याआधी

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी मंडळांत ‘फ्लेक्सचं कोण बघतंय?’ असं विचारलं जातं आणि ज्याला थोडंफार कॉम्प्युटर येतं, त्याच्या गळ्यात ते काम पडतं. हे त्याच्यासाठी. डिझाइनला हात लावण्याआधी टेप घेऊन जागेवर जाऊन या. चौकटीची रुंदी-उंची मोजा, चौकटीवर मागे किती कापड वळवणार तेही विचारून घ्या. मग जिथून लोक बघणार आहेत तिथे उभे राहा आणि तिथून होर्डिंगपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. हे अंतर बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि फोटो किती मोठा हवा हे तर त्यावरच ठरतं.

हिशोब सोपा आहे. ६/६, म्हणजे सामान्य नजरेच्या माणसाला एक मीटरवरून इंचाला साधारण ८७ पिक्सेलपर्यंतच (फोटोचे ठिपके) वेगवेगळे दिसतात. त्यापुढचे एकमेकांत मिसळतात. म्हणून ८७ ला अंतराच्या मीटरांनी भागायचं. दहा मीटरवरून बघणाऱ्याला इंचाला ९ पिक्सेल पुरतात, तीस मीटरवरून ३. मी येईल त्याच्या दुप्पट धरतो, कारण काहींची नजर जास्त तीक्ष्ण असते आणि कुणी ना कुणी जवळ येतंच.

आता वीस बाय दहा फुटांचं होर्डिंग घ्या. २४० इंच बाय १२० इंच. दहा मीटरसाठी इंचाला २० पिक्सेल धरले, तर फाइल ४८०० बाय २४०० ची झाली. साध्या फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो इंचाला सोळा-सतरा देतो. उजेडात, झूम न करता काढलेला असेल तर तो खुशाल वापरा. उलट सभागृहाच्या दाराशी ठेवायची तीन बाय सहा फुटांची स्टँडी (उभा फलक) लोक हाताच्या अंतरावरून वाचतात. तिला इंचाला निदान १०० हवेत, म्हणजे ३६०० बाय ७२००. छोट्याशा स्टँडीला होर्डिंगच्या दुपटीहून जास्त पिक्सेल लागतात! म्हणून कार्यक्रमाच्या कलाकाराचा सगळ्यात चांगला फोटो स्टँडीसाठी राखून ठेवा. होर्डिंगला दुसरा चालेल.

‘तीनशे डीपीआय पाहिजे’ (इंचाला तीनशे ठिपके) असं कुणी म्हणालं, तर ते हातात धरून वाचायच्या पत्रिकेसाठी आहे. वीस फुटांवर तीनशे धरले तर ७२,००० बाय ३६,००० पिक्सेल होतात आणि सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) उघडलेली फाइल दहा जीबीच्या वर जाते. साधी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही. दुकानात मशीनचे ७२० डीपीआय सांगतील, ते शाईच्या ठिपक्यांचे आहेत. तुमच्या फोटोशी त्यांचा संबंध नाही. कमी पिक्सेलच्या फोटोला सॉफ्टवेअरमध्ये ताणूनही काही साधत नाही, आकडा वाढतो, पण चेहऱ्यावर नसलेला तपशील कुठून येणार?

फोटो मागवताना पाहुण्या कलाकारांना स्पष्ट सांगा की व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ईमेल करा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. लांब बाजूला १६०० पिक्सेल उरले आणि तोच वीस फुटांवर पसरला, तर एकेक पिक्सेल जवळजवळ चार मिलिमीटरचा होतो आणि दहा मीटरवरूनही भुवयांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. मंडळाचं चिन्ह आणि प्रायोजकांचे लोगो मात्र सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा पीडीएफमध्ये, व्हेक्टरच (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेले) मागा. ते कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत.

फाइल एकास दहा प्रमाणात बनवा. वीस फुटांचं काम २४ इंचात, फोटो इंचाला २०० वर. छापताना त्याचे आपोआप २० होतात. किती पट मोठं करायचं ते फाइलच्या नावातच लिहा, म्हणजे ऑपरेटरचा गोंधळ होत नाही. रंग सीएमवायकेत बदलून बघा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा फ्लेक्सवर मळकट होतो, तेव्हा पार्श्वभूमीला तो घेऊच नका. नावं, तारीख, वेळ कडेपासून निदान सहा इंच आत ठेवा, आयलेट (दोरी ओवायची कडीदार भोकं) आणि पट्टी तिथेच बसतात. बऱ्याचशा मोठ्या मशीनची रुंदी ३.२ मीटर, म्हणजे साडेदहा फुटांच्या आत-बाहेर असते. दहा फुटांची उंची एका तुकड्यात निघते, पंधरा फूट असेल तर जोड येणार. तो कुठे येईल ते विचारा आणि चेहरा तिथून हलवा.

अक्षरांसाठी दर दहा फूट अंतराला एक इंच उंची धरतात. आपल्या देवनागरीत वर रफार, खाली उकार, म्हणून मी त्याहून थोडी जास्तच ठेवतो. सगळा मजकूर कर्व्हमध्ये (फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकृत्यांत) बदलून द्या, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं सुटतात. आणि कर्व्ह करण्याआधी मोठ्याने वाचून काढा, शक्यतो दोघांनी. इथले ऑपरेटर बहुधा हिंदी टाइप करणारे, त्यामुळे ‘मंडळ’चं ‘मंडल’ आणि ‘वेळ’ची ‘वेल’ सहज होते. नंतर काही दुरुस्ती सांगितलीत, तर दुरुस्त केलेली फाइल पुन्हा अख्खी वाचा.

नगर निगमची (महापालिकेची) परवानगी आणि जागेचं भाडं हे आधीच झालेलं असेल असं धरतो.

पूर्ण छापण्याआधी चेहऱ्याचा एक फूट बाय एक फूट तुकडा, खऱ्या मापात, त्याच मशीनवर, त्याच कापडावर काढून घ्या. त्याचे फार पैसे पडत नाहीत. तो भिंतीला लावून लिहून ठेवलेल्या अंतरावरून उन्हात बघा. त्वचा लालसर वाटली तर तेव्हाच सांगा. भाद्रपदात हवा दमट असते आणि सॉल्व्हंट शाईची प्रिंट नीट वाळायच्या आत गुंडाळली तर चिकटते, म्हणून टांगायच्या किमान एक दिवस आधी प्रिंट हातात येईल अशी तारीख दुकानाला द्या.