सांतियागो ते बुएनोस आइरेस: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

चिलीची राजधानी सांतियागो आणि अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आइरेस यांच्यामध्ये अँडीज पर्वत आडवा उभा आहे. रस्त्याने हे अंतर सुमारे 1,400 किमी भरतं, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की लोस लिबेर्तादोरेस घाट बंदही होतो. विमानाच्या हिशेबात हा आकडा कामाचा नाही. हवाई अंतर साध्या कॅल्क्युलेटरवर निघतं, फक्त त्यात कोसाइनचं बटण हवं.

1. शहरांचे नव्हे, विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. बुएनोस आइरेसला दोन मोठे विमानतळ आहेत: एसेइसा शहराबाहेर, तर आएरोपार्के नदीकाठी, शहरातच. तिकिटावर कोणता आहे ते आधी बघा. पुढचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून असेल, तर शहर ओलांडण्यात दोन तास सहज जातात. आपण एसेइसा धरू: 34.82 दक्षिण, 58.54 पश्चिम. सांतियागो: 33.39 दक्षिण, 70.79 पश्चिम.

2. अक्षांशांतला फरक 1.43 अंश. एका अंशाला 111.2 किमी, म्हणजे 159 किमी.

3. रेखांशांतला फरक 12.25 अंश. रेखांश ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून इथे सरासरी अक्षांशाच्या, म्हणजे 34.1 अंशांच्या कोसाइननेही गुणायचं: 12.25 × 111.2 × 0.828 = 1,128 किमी.

4. दोन्ही आकड्यांचे वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. उत्तर 1,139 किमी.

कोसाइन उणे आला, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे. याहून फसवी चूक विषुववृत्तापाशी होते. उदाहरणार्थ, कोलंबियाची राजधानी बोगोता 4.70 उत्तरेला आणि पेरूची राजधानी लिमा 12.02 दक्षिणेला, तेव्हा इथे अक्षांशांची वजाबाकी नाही, बेरीज करायची. खरं अंतर सुमारे 1,890 किमी. वजाबाकी केली तर ते 880 च्या आसपास येतं, आणि आकडा अशक्य वाटत नसल्यामुळे चूक लक्षातच येत नाही. ही रीत दोनेक हजार किलोमीटरपर्यंत छान चालते. त्याहून लांबच्या अंतराला पृथ्वीची गोलाई पूर्ण धरणारं हॅवरसाइन सूत्र वापरावं.

आता वेळ. जेट विमानाचा वेग ताशी 830 किमी धरला, तर 1,139 किमीला 1 तास 22 मिनिटं लागतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी 30 ते 40 मिनिटं मिळवा. सुमारे दोन तास झाले.

जाताना आणि येताना मात्र वेळ सारखा लागत नाही. या पट्ट्यात उंचावर वारा पश्चिमेकडून वाहतो. तो ताशी 100 किमी असेल, तर पूर्वेकडे जाताना वेग 930 होतो आणि परतताना 730, म्हणजे वीसेक मिनिटांचा फरक. हाच वारा अँडीजवर आदळून लाटांसारखा उसळतो, त्यामुळे पर्वतावरून जाताना हादरे बसतात. तेवढा वेळ पट्टा बांधूनच ठेवा.

शेवटी घड्याळ. अर्जेंटिनाची वेळ वर्षभर तीच असते; सांतियागोत हिवाळ्यात घड्याळ त्याच्या एक तास मागे असतं आणि उन्हाळ्यात, साधारण सप्टेंबर ते एप्रिल, दोन्हीकडे एकच वेळ. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक छापतात. म्हणून जुलैत सांतियागोहून 10:00 ला निघालेलं विमान दोन तासांनी पोहोचलं, तरी तिकिटावर 13:00 दिसतं.