ग्रामसभेने तेंदूपत्ता स्वतः कसा विकावा

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडच्या सामूहिक वनहक्क (जंगलावर सगळ्या गावाचा हक्क) मिळालेल्या गावांत तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानाचा, हंगाम म्हणजे मे महिन्यातले जेमतेम दोन आठवडे. भूमिहीन आणि कोरडवाहू घरांचे पावसाळ्यातले बियाणे, किराणा, मुलांची फी, सगळे याच पैशावर चालते. वनहक्क कायदा, २००६ ने तेंदूपत्ता गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) धरला आणि त्याची मालकी गावाला दिली. २०१२ च्या दुरुस्ती नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला. माल तुमचा, आणि तो गावाबाहेर जायचा तर तुमच्या सहीने. ज्या गावांचे पैसे बुडतात, त्यांनी ही सही बहुधा फार लवकर केलेली असते.

वनहक्काचा दाखला, ग्रामसभेची समिती, ग्रामसभेच्या नावाचे पॅन आणि बँक खाते तयार आहे असे धरून पुढे लिहितो आहे. खाते ग्रामपंचायतीचे चालणार नाही. वेगळेच हवे, आणि सह्या करणाऱ्यांत बाई हवीच. जीएसटी आणि व्यापाऱ्याकडून वसूल करायच्या करासाठी सीएला हंगामाआधीच भेटा, नोटीस आल्यावर नाही.

ठराव आणि जाहिरात

पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथल्या) गावांपुढे दोन पर्याय असतात. पहिल्यात वनखाते लिलाव करते, दुसऱ्यात ग्रामसभा स्वतः विकते. हा लेख दुसऱ्या पर्यायासाठी आहे. ठराव डिसेंबरातच घ्या. निम्मे प्रौढ हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, नाहीतर पुढे कोणीही ठरावाला आव्हान देईल. जाहिरात एकट्या गावाने देऊ नये. पन्नास-साठ गोण्यांसाठी व्यापारी येत नाही, आला तर स्वतःचा दर सांगून जातो. कोरची तालुक्यात महाग्रामसभा उभी राहिली तशी शेजारची गावे एकत्र बसली की बोली वर जाते.

छाटणी

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत झुडपे जमिनीलगत छाटा. साधारण ४० ते ४५ दिवसांनी मऊ, मोठे पान येते. चांगले पान यावे म्हणून जंगलात आग लावू देऊ नका, ठेकेदाराचा माणूस कितीही आग्रह करो. त्या आगीत मोहाची आणि चारोळीची रोपे जळतात, म्हणजे पुढच्या वर्षांचे उत्पन्न जळते.

करार: इथे घाई करू नका

"ज्याचा दर सर्वांत जास्त त्याला द्या" हा सल्ला गावोगाव ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. दर बोलायला पैसे लागत नाहीत. गोणीला ऐकून डोळे विस्फारतील असा आकडा बोलायचा, मजुरी चुकती करून गावाचा विश्वास मिळवायचा, माल उचलायचा आणि स्वामित्वशुल्काचे (मजुरीशिवाय मालाचे म्हणून गावाला द्यायचे) पैसे "बाजार पडला" म्हणून लटकवायचे, अशी ही पद्धत आहे. म्हणून दोन बोलींत जो आधी पैसे भरतो त्याची बोली वजनदार समजा, मग ती गोणीमागे हजारभर रुपयांनी कमी का असेना.

स्टॅम्पपेपरवरच्या करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

दर प्रमाण गोणीला. महाराष्ट्रात पुडका ७० पानांचा आणि गोणी १,००० पुडक्यांची, म्हणजे ७०,००० पाने. हे आकडे करारात अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा. मजुरी किती आणि स्वामित्वशुल्क किती हेही वेगवेगळे लिहा, नाहीतर एकातून दुसरे कापले जाते.

किमान किती गोण्या घेणार तेही लिहा. बाजार घसरला की व्यापारी चौथ्या-पाचव्या दिवशी फळी (पुडके मोजून घेण्याची जागा) बंद करतो आणि छाटलेले जंगल तसेच राहते. ठरलेल्या गोण्यांच्या खाली खरेदी गेली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतील, असे कलम हवेच.

पाऊस. पुडके फळीवर मोजून घेतले की माल व्यापाऱ्याचा. वाळत असताना भिजला तर नुकसान त्याचे. हे लिहिलेले नसेल तर एका अवकाळी सरीनंतर सगळे गाव भांडत बसते.

शेकड्यामागे "वरचे", म्हणजे फुकटचे जादा, पुडके द्यायचे नाहीत, हेही लिहा. शेकड्यामागे पाच पुडके म्हणजे वीस शेकड्यांवर एक शेकडा फुकट.

जंगली जनावराच्या हल्ल्यासाठी तोडणाऱ्यांचा विमा व्यापाऱ्याने काढावा. पहाटे वाघ-अस्वलाच्या जंगलात बाया जातात, ही जोखीम दरात मोजलेली नसते.

आता पैसे. अनामत करारावर सही होण्याआधी, पहिला हप्ता फळी सुरू होण्याआधी, मजुरी दर आठवड्याला, उरलेली रक्कम त्या त्या गोण्या हलण्याआधी. सारे आरटीजीएसने ग्रामसभेच्या खात्यात. चेक घेऊ नका, आणि कोणाला रोख "ॲडव्हान्स" दिला असेल तर तो ग्रामसभेच्या हिशेबात धरू नका.

तोडणी आणि फळी

पान पहाटे तोडावे, दुपारपर्यंत पुडके बांधून संध्याकाळी फळीवर द्यावे. मुन्शी (पुडके मोजून लिहिणारा कारकून) व्यापाऱ्याचा असला तरी शेजारी ग्रामसभेचा मोजणीदार बसलाच पाहिजे. रोजचे पुडके नोंदायच्या कार्डावर नाव पान तोडणाऱ्या बाईचे लिहा, घरधन्याचे नाही, आणि पैसेही तिच्याच खात्यात टाका. पुडके आठवडाभर वाळवायचे, मधे पलटी द्यायची, मग संध्याकाळी पाणी शिंपून नरम झाल्यावर बोद (एका गोणीच्या मापाचे पोते) भरायचे.

परवाना पुस्तक हीच चावी

बोद गोदामात गेले की दाराला दोन कुलुपे लावा, एक व्यापाऱ्याचे, एक ग्रामसभेचे. परवाना पुस्तक समितीच्या सचिवाच्या घरी नको, बँकेचे पासबुक जिथे असते तिथेच ठेवा.

नियम सोपा आहे: खात्यात जमा झालेल्या पैशांइतक्याच गोण्यांचा परवाना. समजा दर गोणीला ८,००० रुपये आणि माल ४०० गोण्यांचा, म्हणजे ३२ लाख. ८ लाख जमा असतील तर परवाना १०० गोण्यांचा. ट्रक दारात उभा आहे, ड्रायव्हर उपाशी आहे, पावसाचे ढग आले आहेत, शेठ उद्या नक्की भरतो म्हणतो, यातले कशानेही तो १०१ होऊ नये. सही करण्याआधी मोबाइलवरचा मेसेज पुरेसा समजू नका. बँकेत जाऊन पासबुकावर नोंद करून घ्या.

दुसरी खबरदारी मोजणीची. बोद दिसायला एक असला तरी आत १,००० च्या जागी १,१५० पुडके कोंबलेले असू शकतात. ४०० बोदांवर हा फरक ६० गोण्यांचा होतो. म्हणून भरताना मोजा, प्रत्येक बोदावर रंगाने आकडा लिहा आणि परवान्यावर बोदांसोबत पुडक्यांची एकूण संख्या टाका. फळीच्या रजिस्टरातली बेरीज आणि परवान्यांची बेरीज जुळली नाही, तर शेवटचा ट्रक थांबवा.

वाटप

हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा: एकूण गोण्या, जमा, खर्च, समितीच्या कामासाठी ठेवलेला वाटा आणि उरलेली रक्कम. तिचे वाटप कार्डावरच्या पुडक्यांच्या प्रमाणात करा. घरटी सारखे वाटले तर रोज तीन शेकडे तोडणारी विधवा आणि दोन दिवस येऊन गेलेला माणूस एकाच रांगेत बसतात. वाचन झाले की रजिस्टरवर हजर सर्वांच्या सह्या-अंगठे घ्या आणि परवाना पुस्तकातली उरलेली कोरी पाने रेघ मारून रद्द करा.