भेटीचा आदेश आहे, पण मूल भेटत नाही? ॲक्सेसच्या, म्हणजे मुलाच्या भेटीच्या, अर्जातल्या या चुका टाळा

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या भेटीवरून जे वाद पुन्हा पुन्हा येतात, त्यातले बरेचसे आदेशातल्या एखाद्या ढिल्या वाक्यातून निघालेले असतात. ‘वडिलांनी महिन्यातून दोनदा मुलाला भेटावे’ एवढंच लिहिलं असेल, तर कुठले दोन दिवस, किती वाजता, कुठे, आणून कोण सोडणार, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. तेही एकमेकांशी बोलणं बंद असलेल्या दोघांनी! भेटीचं स्वरूप, पद्धत आणि तपशील आदेशात स्पष्ट हवा, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२० च्या एका निकालात सांगितलं आहे. पण तो तपशील आधी तुमच्या अर्जात असायला हवा.

मोघम मागणी

‘एक शनिवार सोडून एक’ असं लिहू नका. पाच शनिवारांचा महिना आला की पुढचा हिशेब गडबडतो आणि दोन्हीकडे आपलाच शनिवार खरा वाटतो. ‘पहिला आणि तिसरा शनिवार’ लिहा. दुसरा-चौथा टाळलेला बरा. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असते, त्यामुळे भेट कोर्टाच्या आवारात ठरली असेल तर ती होणारच नाही.

उपयोगी पडणारं कलम साधारण असं दिसतं: ‘पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६. मुलाला अमुक ठिकाणी आईने आणावे, तिथेच वडिलांनी परत सोडावे. उशीर झाल्यास ३० मिनिटांपर्यंत थांबावे. मूल आजारी असल्यास आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कळवावे. हुकलेली भेट लगेच पुढच्या शनिवारी त्याच वेळेत द्यावी.’ यातलं शेवटचं वाक्य बहुतेक अर्जांत नसतं, आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच पडते.

ठिकाण निवडताना रस्त्याचा विचार करा. शुक्रवारी संध्याकाळी ६ ला वाकडहून हडपसर गाठायचं ठरवलंत, तर उशीर ठरलेलाच. मेट्रो स्टेशन किंवा मॉलचं मुख्य दार चांगलं. सोसायटीचं गेट नको, तिथे आजी-आजोबा, मामा, वॉचमन सगळेच वादात उतरतात.

‘उन्हाळी सुट्टीचा निम्मा काळ’ हेही अपुरंच. सीबीएसई आणि राज्य मंडळाच्या शाळांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या असतात, म्हणून शाळेच्या कॅलेंडरनुसार पहिला भाग की दुसरा, ते नमूद करा. दिवाळीसाठी ‘लक्ष्मीपूजन ते भाऊबीज, एका वर्षी आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे’ असं लिहून सुरुवात कोणाकडून तेही ठरवा. गणपतीचंही तसंच.

चुकीच्या कायद्याखाली अर्ज

हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच कलम २६ खाली अर्ज होतो. मुलाच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. असा दावा नसेल तर १८९० चा पालक व पाल्य कायदा: ताब्यासाठी कलम २५, अंतरिम आदेशासाठी कलम १२. हा अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा. मूल नाशिकच्या शाळेत असताना पुण्यात दाखल केलात, तर पहिली हरकत अधिकारक्षेत्राची येणार.

पोटगी आणि भेट यांची सांगड

भेट नाही म्हणून पोटगी थांबवली की वसुलीचा अर्ज येतो. पोटगी नाही म्हणून मूल अडवलं, तर तो आदेशाचा भंग ठरतो. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करा.

भेट झाली नाही तर

ठरलेल्या जागी पूर्ण वेळ थांबा. त्याच दिवशी एकच साधा मेसेज पाठवा: ‘मी १० ते १०.३० अमुक ठिकाणी होतो, मूल आणलं नाही, पुढच्या शनिवारी भेट द्यावी.’ पार्किंगची पावती किंवा मेट्रोचं तिकीट जपून ठेवा. समोरच्या घरी जाऊन आरडाओरडा केलात, तर तुमच्याच नावावर एनसी (अदखलपात्र तक्रार) लागेल आणि पुढच्या तारखेला चर्चा भेटीऐवजी तिचीच होईल. पोलीस कोर्टाच्या निर्देशाशिवाय सहसा मूल ताब्यात घेऊन देत नाहीत, त्यामुळे चौकीत दिवस घालवण्यात फारसा अर्थ नाही.

प्रकरण चालू असेल तर त्यातच अर्ज द्या, निकाल लागला असेल तर दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा. आधी भरपाईच्या भेटी मागा. अवमानाची कारवाई मागता येते, पण तिने हुकलेला शनिवार परत येत नाही.

चॅटचे स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लावा, आणि तो मूळ फोन विकू नका.

मूल ‘नको’ म्हणतं तेव्हा

त्याचा व्हिडिओ काढणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलू शकतात. समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंती विचारात घेतात, आणि पढवलेली उत्तरं तिथे लपत नाहीत. समुपदेशकांसमोर दोन तासांच्या भेटी मागा, मग वेळ हळूहळू वाढवा.

भेटीत मुलाला खरा धोका असेल तरी दार परस्पर बंद करू नका. वैद्यकीय कागद जोडून पुढच्या भेटीआधी स्थगितीचा अर्ज द्या. कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण चालू असेल, तर त्याच कायद्याच्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकारी भेट नाकारू शकतात.

व्हॉट्सॲपवर बदललेला आदेश

बदली झाली, शाळा बदलली, तर आदेशात बदल मागता येतो. ताब्याचे आदेश कायमचे नसतात. आपापसांत जमलं तरी दोघांच्या सहीची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल करा. नाहीतर उद्या जुनाच आदेश पुढे केला जाईल. एक पालक अमेरिकेत असेल तर व्हिडिओ कॉलची वेळ भारतीय वेळेनुसार लिहा. तिथल्या बहुतेक राज्यांत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ एक तास सरकतं, आणि मग इकडे मूल झोपलेलं असताना फोन वाजतो.