फ्रान्समध्ये कॅनॉलच्या कडेनं सायकल टूर कशी करायची (सांगली-मिरजेच्या सायकलवाल्यांसाठी)

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना टूर द फ्रान्सचे घाट आठवतात आणि "आपल्याला झेपायचं नाही" म्हणून विषय तिथंच संपतो. पण जो रोज सकाळी हरिपूरपर्यंत किंवा अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन येतो त्याला आरामात जमेल असेही रस्ते तिथं शेकडो किलोमीटर आहेत, आणि त्यांच्यावर गाड्यांना बंदीच आहे. त्यांना व्हवा व्हेर्त म्हणतात, फक्त चालणारे, सायकलवाले, स्केटिंगवाले आणि काही ठिकाणी घोडेवाले यांच्यासाठीचा रस्ता. बरेचसे बंद पडलेल्या रेल्वेलाईनवर केलेत, बाकीचे कॅनॉलच्या कडेनं जिथून पूर्वी घोडे बोटी ओढत न्यायचे त्या वाटेवर. रेल्वेला चढ चालत नाही आणि कॅनॉलचं पाणी चढावर जात नाही, त्यामुळं रस्ता जवळपास सपाट.

पहिली गोष्ट, एकच रूट धरा. लोक दहा दिवसांत पॅरिस, लुआर, आल्प्स सगळं कोंबतात आणि मग निम्मा वेळ ट्रेन बदलण्यात जातो. लुआर नदीच्या कडेचा लुआर आ व्हेलो हा रूट फेमस आहे, साधारण ९०० किमी, शांबोर आणि आंब्वाजचे राजवाडे वाटेवर किंवा जवळ लागतात, आंब्वाजलाच लिओनार्दो दा विंची १५१९ मध्ये वारला, सुंदरच आहे सगळं पण तो पूर्ण गाडीमुक्त नाही, मधेमधे गावातले छोटे रस्ते येतात, गाड्या कमी पण असतात. घरच्यांना, मुलांना घेऊन दोन-तीन दिवसच करायचं असेल तर बर्गंडीतला जिव्री ते क्लुनी बघा, १९९७ साली जुन्या रेल्वेलाईनवर झालेला हा फ्रान्समधला पहिला व्हवा व्हेर्त. तोच रस्ता क्लुनीच्या पुढं माकोंकडं जातो आणि तिथं १.६ किमीचा जुना रेल्वे बोगदा आहे, हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, तेव्हा थंडीत जाणाऱ्यांनी डोंगरावरून जायची तयारी ठेवावी. कॅनॉल द्यू मिदी १६८१ चा, वर्ल्ड हेरिटेज वगैरे, फोटो बघून सगळ्यांना तोच करायचा असतो, पण तूलूजपासून पहिले पन्नासेक किलोमीटर सोडले तर पुढं बराचसा कच्चा आहे, मुळं, दगड, पाऊस पडला की चिखल. पहिल्या वेळी नको.

पहिल्या वेळी माझं मत एकच, कॅनॉल द गारोन. तूलूजपासून कास्ते-आं-दॉर्तपर्यंत १९३ किमी, जवळपास सगळा डांबरी, दोन्ही बाजूला प्लेन नावाची मोठी झाडं, सावलीच सावली. एकूण ५३ लॉक आहेत म्हणजे बोटी वर-खाली करायचे पाण्याचे दरवाजे, आणि तूलूजकडून निघालात तर प्रत्येक लॉकला तुम्ही थोडं थोडं उतरत जाता, म्हणून दिशा तीच ठेवा. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तूलूज-बोर्दो रेल्वेलाईन बरंच अंतर कॅनॉलच्या जवळूनच जाते, माँतोबाँ, म्वासाक, आजाँ, मार्मांद अशी स्टेशनं आहेत, पाऊस आला, कुणाचा गुडघा धरला, कुणी कंटाळलं तर सायकलसकट लोकल ट्रेन पकडायची. ही सोय असली की घरच्यांचंही टेन्शन जातं.

वाटेवर थांबायची ठिकाणं पण मनापासून बघा, नुसते किलोमीटर मोजू नका. माँतेक तूलूजपासून ४३ किमी, पहिल्या दिवसाला तेवढं पुरे. म्वासाकला अ‍ॅबी म्हणजे जुना ख्रिश्चन मठ आहे, तिथल्या खांबांच्या ओवऱ्यांवर ११०० सालचा शिलालेख आहे, निदान दोन तास द्या. आणि तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षवाल्यांनी तर म्वासाकला मुक्कामच करावा, तिथलं शासला हे खायचं द्राक्ष आहे, वाईनसाठी नाही तर टेबलवर ठेवायचं, सप्टेंबरमध्ये बाजारात मिळतं, मणी बारीक आणि पिवळसर, साल पातळ. छाटणी आणि मांडव बघून आपला माणूस तासभर तिथून हलायचा नाही. पुढं आजाँला कॅनॉल चक्क गारोन नदीच्या वरून जातो, ५३९ मीटरचा दगडी पूल, २३ कमानी, खाली नदी आणि वर बोटी. कडेची वाट अरुंद आहे, समोरून कुणी आलं तर उतरून सायकल हातात धरा. ल मा दाजने नावाचं छोटं गाव लागतं, तिथल्या चर्चमध्ये रेम्ब्रांट या नावाजलेल्या डच चित्रकाराचं १६३१ चं खरं चित्र आहे, एवढ्याशा गावात! चढ आहे थोडा गावात जायला, तरी जा.

कधी जायचं? मे-जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो, राहायचे दर वाढतात, ट्रेनमध्ये सायकलची जागा संपते. सप्टेंबरला आपल्याकडं गणपती मधे येतात म्हणून बऱ्याच जणांना मे बरा पडतो, मुलांना सुट्टी पण असते. व्हिसा शेंगेनचा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, बायोमेट्रिक पुण्यात होतं, मुंबईला जायला लागत नाही. राहायची बुकिंग फाईलला जोडायची असते म्हणून रूट आधी पक्का करा मग अर्ज.

सायकल इथून न्यायची की तिकडं भाड्यानं घ्यायची हा प्रश्न सगळे विचारतात. महिनाभर फिरणार असाल तर न्या, सायकलच्या दुकानातून मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स मागून घ्या, पेडल काढून, हँडल आडवं करून, मागचा डिरेलर म्हणजे गिअर बदलणारा भाग नीट गुंडाळून, टायरची हवा थोडी कमी करून. आठ-दहा दिवसांसाठी मात्र भाड्यानंच, कारण विमानाचं बॅगेज, मग पॅरिसमध्ये तो बॉक्स घेऊन स्टेशन बदलणं, सगळा जीव त्यातच जातो. भाड्याची घेताना हायब्रिड म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल मागा, टायर ३५ ते ४० एमएमचे, मागं कॅरिअर आणि दोन पॅनिअर म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या बॅगा. आणि दुकानाबाहेर पडायच्या आधी ब्रेक तपासा, हे फार महत्त्वाचं, आपल्याकडं उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तिथं डावा पुढचा. सवयीनं डावा जोरात दाबला की माणूस हँडलवरून पुढं पडतो. एखाद्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालवून हाताला सवय लावा.

ट्रेनचं सोपं आहे. टीईआर म्हणजे लोकल गाडीत सायकल तशीच चढवायची, बऱ्याच ठिकाणी फुकट. टीजीव्हीत म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत मात्र सायकलचं वेगळं रिझर्व्हेशन, किंवा सुटी करून १३० बाय ९० सेंमीच्या बॅगेत.

रस्त्यावरचे नियम पाळा, तिथं सगळे पाळतात. उजवीकडून चालवायचं, ओव्हरटेक डावीकडून, मागून येताना लांबूनच हलकी घंटी आणि जाताना "बाँजूर" म्हणजे नमस्कार. बाँजूर न म्हणता दुकानात शिरलात तर दुकानदाराचं तोंडच पडतं, म्हणून बेकरी असो की कॅम्पसाईट, आधी ते म्हणा मग काय हवं ते मागा. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी, १३५ युरो दंड आहे. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट कंपल्सरी, १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कंपल्सरी, मोठ्यांनीही घालाच. व्हवा व्हेर्त जिथं गाडीरस्ता ओलांडतो तिथं लोखंडी अडथळे असतात, पॅनिअर अडकतात, हळू घ्या. आणि झाडांच्या मुळांनी कुठंकुठं डांबर उचललंय, सावलीत ते पटकन दिसत नाही.

आता खाणं, इथं आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त हाल होतात. गावातली दुकानं दुपारी १२ ते २ बहुतेक बंद, रविवारी दुपारनंतर सामसूम, सोमवारी पण बरंच बंद. हॉटेलात जेवण १२ ते २ मध्येच, अडीचला गेलात तर कॉफीवर भागवा, रात्री सातच्या आधी किचन उघडत नाही. त्यामुळं सकाळी बेकरीतून बागेत म्हणजे तिथला लांब पाव, चीज, टोमॅटो, केळी घेऊन पॅनिअरमध्ये टाकायचं आणि भूक लागेल तिथं कॅनॉलच्या बाकावर बसायचं. शाकाहारी असाल तर "ज न माँज पा द व्हियाँद, नी प्वासाँ" एवढं पाठ करा, मांस खात नाही, मासेही नाही. नुसतं सॅलड सांगितलं तरी वर डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, आणि हा बदकांचा भाग, बटाटे बदकाच्या चरबीत तळतात, तेव्हा विचारून घ्या. इथून भडंग, चटणी, थालीपिठाची भाजणी न्या, पण पेढे, खवा, तूप नको, युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पाण्यासाठी नळावर "ओ पोताब्ल" म्हणजे पिण्याचं पाणी असं लिहिलंय का बघायचं, मधे "नाँ" असेल तर पिऊ नका. गावात नळ सापडलाच नाही तर कब्रस्तानात हमखास असतो, त्यात काही वावगं नाही, तिथले सायकलवालेही तेच करतात.

राहायला गावचं म्युनिसिपल कॅम्पिंग सगळ्यात स्वस्त, स्वच्छ, गरम पाणी असतं. तंबू नको असेल तर "आक्युई व्हेलो" पाटी असलेली जागा शोधा, ती रूटपासून ५ किमीच्या आत असते, सायकल ठेवायला कुलपाची जागा आणि दुरुस्तीचं सामान देतात.

रोजचं अंतर ४० ते ५० किमीच ठेवा. सांगली सपाट आहे, सवयीनं शंभर मारणारे इथं खूप आहेत, पण सामान लादून सलग आठवडा चालवणं वेगळं. जायच्या आधी दोन महिने पॅनिअरमध्ये दहा किलो घालून नरसोबावाडी, औदुंबर करा, सलग दोन दिवस, दुसऱ्या दिवशी बसायला त्रास होतो का ते कळतं, सीट आत्ताच बदलता येते. एकदा दंडोबाचा चढ पण घ्या, कारण कॅनॉल संपल्यावर सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंतचे वीसेक किलोमीटर छोट्या गाडीरस्त्यावरून द्राक्षबागांमधल्या चढउतारांचे आहेत. तिथून परत जुन्या रेल्वेलाईनवरचा रोजे लापेबी व्हवा व्हेर्त लागतो, १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्याच्या नावाचा, आणि तो धरून बोर्दोच्या वेशीपर्यंत. सायकल तूलूजमध्ये भाड्यानं घेतली असेल तर बोर्दोहून ट्रेननं दोन-अडीच तासांत परत तूलूज, फक्त त्या गाडीतली सायकलची जागा निघायच्या आधीच बुक करून ठेवा.