भाडेकरूने भाडं बुडवलं, तर न मिळालेल्या भाड्यावर टॅक्स भरायचा का?

पिंपळे सौदागरचा माझा टू बीएचके भाड्याने दिलेला, महिना २५,०००. गोष्ट २०२३-२४ ची. ऑक्टोबरपर्यंत भाडं पाच तारखेच्या आत खात्यात, मग त्या पोराची नोकरी गेली आणि नोव्हेंबरपासून "काका पुढच्या महिन्यात नक्की" सुरू झालं. मार्चअखेर तो फ्लॅट सोडून गेला तेव्हा पाच महिन्यांचं भाडं थकलेलं. मी म्हटलं जे पैसे आलेच नाहीत त्यावर कसला टॅक्स, सात महिन्यांचं भाडं दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. सीएने तिथेच थांबवलं.

कारण घरभाड्याचा टॅक्स हातात आलेल्या पैशावर नसतो, जे भाडं येणं आहे त्यावर असतो. करार २५,००० चा आणि माणूस बारा महिने राहिला म्हणजे तीन लाख, ते मिळोत न मिळोत. बुडालेलं भाडं यातून वजा करता येतं, आयकर कायद्याच्या कलम २३ मध्ये तशी सोय आहे, पण त्यासाठी आयकर नियम ४ मधल्या चार अटी पाळाव्या लागतात आणि चारही, एखादी राहिली तर चालत नाही. (हे नंबर १९६१ च्या कायद्याचे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे नंबर बदलले, पण २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो.)

पहिली अट, भाडेकरार खरा हवा. मेव्हण्याला फ्लॅट दिला, कागद काही नाही, आणि वर्षाअखेर म्हणायचं की त्याने भाडं बुडवलं, तर कोण विश्वास ठेवणार. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचा करार, रजिस्टर करणं तसंही सक्तीचंच आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५, आणि ते करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी. नोटरीच्या कागदावर भागवणारे लोक अजून भेटतात, आणि नेमके भाडं थकल्यावर अडकतात, कारण करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं.

दुसरी, त्याने जागा सोडलेली हवी किंवा त्याला बाहेर काढायची पावलं तुम्ही उचललेली हवीत. इथे आपल्या लोकांची भीड आडवी येते. बिचाऱ्याची नोकरी गेलीय, लेकरं लहान आहेत, नोटीस कशी पाठवायची? माणुसकी ठेवा हो, मीही दोन महिने काही बोललो नाही, पण तिसऱ्या महिन्यात रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसकट नोटीस धाडली, करारात रद्द करायचं जे कलम असतं ना त्याचा उल्लेख करून. मुदत संपूनही उठत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. नुसते फोन केले, व्हॉट्सॲपवर आठवण केली, एवढ्यावर विसंबू नका. अर्थात ते मेसेज जपून ठेवाच, "पाच महिन्यांचे देणे आहे मान्य आहे" असं त्याने स्वतः लिहिलेलं असेल तर फारच उत्तम.

तिसरी सोपी, तो तुमच्या दुसऱ्या कुठल्या जागेत नसावा. वरचा फ्लॅट सोडला पण खालचा गाळा त्याच्याकडेच, असं असेल तर विषय संपला.

चौथीवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. थकबाकी वसूल करायला कोर्टात जायची वाजवी खटपट तुम्ही केलेली हवी, किंवा कोर्टात जाऊन उपयोग नव्हता हे आयकर अधिकाऱ्याला पटवता यायला हवं. दुसरा पर्याय आपल्यासारख्यांच्या कामाचा, पण तोंडी नाही चालत. नोटीस "पत्ता सोडून गेले" शेऱ्यासह परत आली तर ते पाकीट न फोडता ठेवा. वकिलाची फी थकबाकीएवढीच होतेय तर तसं त्यांच्याकडून लिहून घ्या. सोसायटीने सामान नेताना दिलेला गेटपास किंवा एनओसी पण फाइलला लावा. रिटर्नसोबत यातलं काही जोडायचं नसतं, पण आयकर खात्याची नोटीस आली की हेच मागतात.

आता डिपॉझिट. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. माझ्याकडे त्याचे ७५,००० होते, ते मी थकलेल्या भाड्यात वळते केले, म्हणजे तीन महिन्यांचं भाडं मला मिळालं असंच धरायचं. बुडाले फक्त दोन महिन्यांचे ५०,०००. पाच महिन्यांचे सव्वा लाख बुडीत दाखवून डिपॉझिटबद्दल गप्प बसणं म्हणजे सरळ सरळ चुकीचं रिटर्न.

हिशोब असा. तीन लाखातून ५०,००० गेले, राहिले २,५०,०००. मी स्वतः भरलेला प्रॉपर्टी टॅक्स १२,००० वजा, २,३८,०००. त्यावर सरसकट ३० टक्के वजावट ७१,४००, म्हणजे करपात्र १,६६,६००. बुडीत दाखवलं नसतं तर हाच आकडा २,०१,६०० झाला असता. फरक ३५,००० चा, तीस टक्क्यांच्या स्लॅबला सेससकट १०,९२० रुपये. ५०,००० बुडाले तेव्हा कुठे एवढे वाचले, त्यामुळे फार हुरळून जायचं कारण नाही. वकिलाची फी, ब्रोकरेज, रंगकाम, सोसायटी मेंटेनन्स यातलं काहीही वेगळं वजा होत नाही, ते सगळं त्या ३० टक्क्यांत आलं असं कायदा समजतो.

एक खाच मात्र आहे. बुडीत वजा करून उरलेलं भाडं हे त्या जागेच्या अपेक्षित भाड्यापेक्षा, म्हणजे पालिकेचं मूल्यांकन आणि त्या भागातला चालू दर यावरून जे निघतं त्यापेक्षा कमी पडलं, तर अपेक्षित भाडंच धरतात. वर्षभराचं भाडं बुडालं म्हणजे उत्पन्न आपोआप शून्य होत नाही.

आयटीआर-२ या रिटर्नच्या फॉर्ममधल्या हाऊस प्रॉपर्टी शेड्युलमध्ये वसूल न होणाऱ्या भाड्याचा वेगळा रकाना आहे, वर पूर्ण तीन लाख लिहायचे आणि ५०,००० त्या रकान्यात. परस्पर अडीच लाख लिहू नका. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असलं की एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या, सवलतीसाठी भाडेकरू तुमचा पॅन त्याच्या ऑफिसला देतो, आणि काही महाभाग तुम्हाला भाडं देत नाहीत पण ऑफिसात बारा महिन्यांच्या पावत्या लावतात, मग त्याचा आकडा वेगळा आणि तुमचा वेगळा. म्हणून न मिळालेल्या महिन्याची पावती द्यायची नाही, कितीही गयावया केली तरी.

फ्लॅटवर कर्ज असेल तर व्याजामुळे घरभाड्याच्या उत्पन्नात तोटाही निघू शकतो. जुन्या रेजीममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत, तो दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. नव्या रेजीममध्ये पगारातून वजा होत नाही, तेव्हा रेजीम निवडण्याआधी दोन्हीकडे आकडे टाकून बघा.

आणि बुडालेले पैसे नंतर आले तर? ज्या वर्षी आले त्या वर्षीचं उत्पन्न, कलम २५ए, मधल्या काळात फ्लॅट विकून टाकलेला असला तरी. त्यावरही ३० टक्के वजावट मिळते. त्या पोराला पुण्यातच दुसरी नोकरी लागली आणि पुढच्या दिवाळीत त्याने न मागता २०,००० पाठवले, खाली लिहिलं होतं "काका बाकीचे पण देतो". त्यातले १४,००० मी त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दाखवले.